गरम पाण्यात हिरवं होणारं लाल शेवाळ

ऐन पावसाळ्यात, ओहोटीच्या वेळी गोव्यातल्या हणजुणे किंवा वागातोरच्या खडकांवर गेलात, तर लाटांचे तुषार पोचतात त्या पट्ट्यात खडकाला चिकटलेले जांभळट-तपकिरी पापुद्रे दिसतील. पातळ, बुळबुळीत, एका टोकाने घट्ट धरलेले. हे पोर्फायरा नावाचं लाल शैवाल. जपानी लोक ज्याची नोरी, म्हणजे सुशीभोवती गुंडाळायचे कागदासारखे पापुद्रे, करतात, त्याचं हे कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरचं भावंड. त्याचा हंगाम पावसाचा. ऊन तापायला लागलं की खडक पुन्हा उघडे पडतात.

त्यातला बोटभर तुकडा आणून उकळत्या पाण्यात टाका. (पावसाळ्यात खडकांवर जाणार असाल तर भरतीची वेळ पाहून जा. तुकड्यापायी वाहून गेलेल्यांची बातमी नको.) पाहता पाहता त्याचा जांभळटपणा जातो आणि तुकडा हिरवा होतो. सुशीसाठी मिळणारी नोरी हिरवट दिसते ती याच कारणाने: ती भाजलेली असते.

हा हिरवा रंग बाहेरून आलेला नाही, तो आतच होता. पोर्फायरात इतर झाडापाल्यासारखंच हरितद्रव्य, म्हणजे क्लोरोफिल असतं. त्याच्यावर फायकोएरिथ्रिन नावाच्या लाल रंगद्रव्याची मात होते, म्हणून ते दिसत नाही. हे लाल द्रव्य म्हणजे प्रथिन आणि त्याला जोडलेले रंगकण. उकळत्या पाण्यात प्रथिनाची घडी उलगडली की रंगही गेला. क्लोरोफिल त्या मानाने चिवट, ते मागे उरतं.

आता, प्रकाशसंश्लेषण क्लोरोफिल करतं हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. मग या शेवाळाने त्याच्या जोडीला एवढा लाल रंग कशासाठी बाळगावा?

कारण क्लोरोफिलची निवड फार चोखंदळ आहे. ते निळा प्रकाश घेतं, लाल घेतं आणि मधला हिरवा-पिवळा पट्टा बराचसा सोडून देतं. जमिनीवर हे परवडतं, कारण ऊन मुबलक आणि पानं जाड असतात. पाण्यात हिशेब बदलतो. पाणी स्वतःच लाल प्रकाश पितं. अगदी शुद्ध पाण्यातसुद्धा ६८० नॅनोमीटर तरंगलांबीचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) लाल प्रकाश पाच मीटर खोलीवर एक दशांशच उरतो, दहा मीटरवर शंभरात एक भाग. म्हणजे क्लोरोफिलच्या आवडीची एक बाजू पहिल्या काही मीटरांतच संपली. निळा प्रकाश स्वच्छ समुद्रात खूप खोल जातो खरा, पण आपला किनारा म्हणजे स्वच्छ समुद्र नव्हे. मांडवी आणि जुवारी या नद्या गाळ आणतात, कुजलेल्या पाल्याचा पिवळसर अर्क आणतात, आणि हा अर्क नेमका निळा प्रकाश खातो. दोन्ही टोकं अशी कापली गेली की मधला हिरवाच शिल्लक राहतो. ग्रांद बेटाजवळ बुडी मारणाऱ्यांना खाली सगळं हिरवट-करडं दिसतं ते यामुळेच. आणि हा उरलेला हिरवा प्रकाश क्लोरोफिलच्या फारसा कामाचा नाही.

फायकोएरिथ्रिन तोच हिरवा पट्टा घेतं. त्याचं शोषण ५४५ ते ५६५ नॅनोमीटरच्या आसपास सगळ्यात जास्त. हिरवा शोषून घेतला की डोळ्याला पोचतो तो लाल. लाल शैवाल लाल का, याचं उत्तर एवढंच: जे त्याने खाल्लं नाही ते आपल्याला दिसतं.

इथे पाठ्यपुस्तकातलं एक देखणं चित्र आठवेल: वर हिरवी शेवाळं, मध्ये तपकिरी, सगळ्यात खाली लाल. थिओडोर एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञाने १८८३ च्या सुमारास ही कल्पना मांडली. ज्या खोलीवर जो प्रकाश उरतो, त्याला पूरक रंगाचं शेवाळ तिथे वाढतं, असं त्याचं म्हणणं. कल्पना इतकी सुबक आहे की आजही छापली जाते. पण समुद्र एवढा नेटका नाही. लाल शैवालांनी खोलीचा विक्रम केलाय हे खरं. बहामा बेटांजवळ पाणबुडीतून २६८ मीटर खोलीवर चुनखडीची पुटं धरणारं लाल शैवाल सापडलं. पण हिरवी शैवालंही बरीच खोल जगतात, आणि आपलं पोर्फायरा तर खडकाच्या माथ्यावर, ओहोटीत कोरडं पडेल अशा जागी वाढतं. कुठलं शेवाळ कुठे राहील हे त्याला खाणारे जीव, लाटांचा मार, शरीराची जाडी, रंगद्रव्याचं प्रमाण या सगळ्यांवर ठरतं. रंग हे त्यातलं एकच कारण. माझ्या मते ते चित्र पुस्तकात ठेवायचंच असेल तर निदान शेजारी पोर्फायराचा फोटो छापावा.

आता या रंगकणांकडे जरा जवळून पाहू. त्यांना बिलिन म्हणतात आणि ते आपल्याला परके नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये हीम नावाचं एक वाटोळं रेणूचक्र असतं. आपलं शरीर जुन्या रक्तपेशी मोडतं तेव्हा हे चक्र एका जागी कापून उघडतं. त्यातून आधी हिरवं बिलिव्हर्डिन होतं, मग पिवळं बिलिरुबिन. मुका मार लागलेली जागा काळीनिळी, मग हिरवट, मग पिवळट होत जाते, ती याच रसायनांनी. लाल शैवाल आणि सायनोबॅक्टेरिया, म्हणजे नील-हरित जीवाणू, हेच चक्र अशाच रीतीने कापतात, बिलिव्हर्डिनपर्यंत येतात आणि तिथून वेगळी वाट धरतात. त्यांच्याकडे बिलिव्हर्डिनचं टाकाऊ द्रव्य होत नाही, त्यापासून प्रकाश पकडणारा रंगकण बनतो.

सुटा बिलिन मात्र या कामाला जवळजवळ निरुपयोगी असतो. तो लवचीक आहे. प्रकाश शोषला तरी वळवळून ती ऊर्जा उष्णता म्हणून घालवतो. प्रथिन त्याला रासायनिक बंधाने पकडून ताणून धरतं, हलू देत नाही. असा जखडलेला बिलिन घेतलेली ऊर्जा पुरेसा वेळ सांभाळू शकतो. शिवाय प्रथिनाची पकड थोडी इकडेतिकडे केली की तोच रंगकण जरा वेगळ्या रंगाचा प्रकाश शोषू लागतो. फायकोसायनिन हे निळं द्रव्य ६२० नॅनोमीटरच्या आसपास शोषतं आणि अ‍ॅलोफायकोसायनिन ६५० च्या आसपास. गंमत म्हणजे या दोघांतला मुख्य रंगकण एकच आहे. फरक पडतो तो प्रथिनाच्या पकडीने आणि शेजारच्या रंगकणांच्या जवळिकीने.

ही सगळी प्रथिनं पेशीत सुटी तरंगत नसतात. १९६६ साली एलिझाबेथ गँट आणि सॅम्युअल कॉन्टी यांनी पोर्फिरिडियम या एकपेशीय लाल शैवालाचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घेतलेले फोटो प्रसिद्ध केले. त्यात हरितलवकातल्या पडद्यांवर बारीक दाण्यांच्या ओळी दिसत होत्या. ते दाणे म्हणजे फायकोबिलिसोम, प्रकाश गोळा करणाऱ्या प्रथिनांचा एकेक बांधीव संच. नेहमीच्या सायनोबॅक्टेरियात त्याचा आकार साधारण अर्ध्या चकतीचा असतो: मध्यभागी अ‍ॅलोफायकोसायनिनचा गाभा, आणि त्यातून बाहेर फाकलेल्या बहुधा सहा दांड्या. दांड्यांची गाभ्याजवळची बाजू फायकोसायनिनची; ज्यांच्याकडे फायकोएरिथ्रिन असतं त्यांच्यात ते बाहेरच्या टोकाला. गाभा पडद्याला टेकलेला, आणि पडद्यात त्याच्या बरोब्बर खाली क्लोरोफिलवालं यंत्र.

लाल शैवालांतले फायकोबिलिसोम याहून दांडगे असतात. ग्रिफिथ्सिया पॅसिफिका या लाल शैवालातल्या फायकोबिलिसोमची रचना २०१७ साली चिनी शास्त्रज्ञांनी जवळजवळ अणूंच्या पातळीपर्यंत उलगडली. एका संचात ८६२ प्रथिनं आणि त्यांना जोडलेले २,०४८ रंगकण निघाले. एवढं मोठं बांधकाम, पण रुंदी जेमतेम ६८ नॅनोमीटर. एका मिलिमीटरच्या रेषेवर असे सुमारे पंधरा हजार बसतील. यातली काही प्रथिनं नुसती जोडकाम करणारी आहेत, पूर्वी त्यांना फारशी किंमत दिली जात नसे. पुढे २०२० मध्ये पोर्फिरिडियमचीही रचना उलगडली, तेव्हा दिसलं की ही जोडप्रथिनंसुद्धा शेजारच्या रंगकणांचा रंग थोडा सरकवतात.

इथवर सगळं जुळवाजुळवीचं झालं. खरी मजा पुढे आहे. बाहेरच्या टोकाला एका रंगकणाने हिरवा फोटॉन, म्हणजे हिरव्या प्रकाशाचा एक कण, पकडला. तिथून ती ऊर्जा क्लोरोफिलपर्यंत जाते कशी?

पहिला रंगकण प्रकाश सोडतो आणि दुसरा तो झेलतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. मध्ये प्रकाश नसतोच. उत्तेजित रेणूतले इलेक्ट्रॉन एका ठरावीक लयीत हेलकावत असतात. शेजारच्या रेणूची लय तिच्याशी जुळणारी असेल आणि तो पुरेसा जवळ असेल, तर पहिला शांत होतो आणि त्याच क्षणी दुसरा उत्तेजित. थिओडोर फर्स्टर या जर्मन शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात याचं गणित मांडलं, म्हणून याला फर्स्टर ऊर्जा-हस्तांतरण म्हणतात. या गणितातली कळीची गोष्ट अंतर. दोन रेणूंतलं अंतर दुप्पट केलं की हस्तांतरणाचा वेग निम्मा होत नाही, चौसष्टावा हिस्सा होतो. म्हणून तर ही सगळी बांधणी. फायकोबिलिसोममधले शेजारी रंगकण काही नॅनोमीटरच्या आतच असतात, आणि त्यांना तिथे धरून ठेवणं हे प्रथिनांचं मुख्य काम.

वेळेचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. एकट्या पडलेल्या उत्तेजित रंगकणाला ऊर्जा धरून ठेवायला साधारण एक ते तीन अब्जांश सेकंद मिळतात. तेवढ्यात ती पुढे दिली नाही तर प्रकाश किंवा उष्णता होऊन ती हातची जाते. फायकोबिलिसोममध्ये टोकापासून क्लोरोफिलपर्यंतचा सगळा प्रवास साधारण शंभर-दोनशे पिकोसेकंदांत उरकतो. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. थोडक्यात, मुदत संपायच्या कितीतरी आधी काम झालेलं असतं. म्हणूनच पकडलेल्या शंभर फोटॉनांपैकी पंचाण्णवहून अधिक मुक्कामी पोचतात, असं मोजमापांत दिसतं.

पण शेजारी जवळ असेल तर ऊर्जा पुढे जाते तशी मागेही यायला हवी. ती मागे का येत नाही? आपल्याकडे खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतीच्या, बांधात मानस नावाचं पाण्याचं लाकडी दार असतं. ओहोटीला आतलं पाणी फळ्या ढकलून नदीत उतरतं, आणि भरतीला बाहेरच्या पाण्याचा दाब त्याच फळ्या आपोआप मिटवतो. कुणी दार लावायला उभं नसतं, पातळीतला फरकच ते काम करतो. फायकोबिलिसोममध्येही पातळीतला फरकच आहे. फायकोएरिथ्रिनची उत्तेजित पातळी सगळ्यात वर, फायकोसायनिनची त्याखाली, अ‍ॅलोफायकोसायनिनची आणखी खाली, गाभ्यातल्या शेवटच्या एक-दोन खास प्रथिनांची ६८० नॅनोमीटरच्या जवळ, आणि तिथेच क्लोरोफिल. प्रत्येक उतरणीला थोडी ऊर्जा उष्णता म्हणून सांडते. सांडलेली ऊर्जा परत गोळा करून वर चढणं जवळपास अशक्य, म्हणून परतीची वाट आपसूक बंद.

आता बेरीज करा. ५४५ नॅनोमीटरच्या हिरव्या फोटॉनमध्ये जेवढी ऊर्जा असते तिच्या ऐंशी टक्केच ६८० नॅनोमीटरच्या लाल फोटॉनमध्ये असते. म्हणजे पंचाण्णव टक्के कार्यक्षमतेचा गवगवा करताना एक गोष्ट बाजूला राहते: नगांचा हिशेब पंचाण्णव टक्क्यांचा असला, तरी प्रत्येक नगातली पाचव्या हिश्शाएवढी ऊर्जा वाटेतच गेलेली असते. हे वाया गेलं असं वाटेल. पण हा पाचवा हिस्सा दिला नाही तर ऊर्जेला दिशाच राहणार नाही. दोन हजार रंगकणांत ती मागेपुढे भटकत बसेल आणि मुदत संपून विझेल. शेवाळाने सौदा केलाय: प्रत्येक फोटॉनमधली थोडी ऊर्जा सोडून द्यायची आणि तो नक्की पोचेल याची हमी घ्यायची. क्लोरोफिलला काम करायला ६८० नॅनोमीटरएवढीच ऊर्जा लागते, तेव्हा सौदा महागही पडत नाही.

ही साखळी तुटल्यावर काय होतं ते घरी पाहता येतं. औषधाच्या दुकानात स्पिरुलिनाच्या गोळ्या मिळतात. स्पिरुलिना हा सायनोबॅक्टेरियाच. दोन-तीन गोळ्यांची पूड करा, पाऊण कप थंड पाण्यात कालवा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वरचं पाणी न ढवळता कॉफीच्या फिल्टरमधून गाळा. पूड गर्द हिरवी होती, पण गाळलेलं पाणी निळं येतं. पाण्यात विरघळतं ते फायकोसायनिन. क्लोरोफिल तेलकट, ते गाळात अडकतं. आता हे निळं पाणी पारदर्शक ग्लासात घेऊन अंधाऱ्या खोलीत बसा. ग्लासाच्या एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा आणि काटकोनातून पाहा. पलीकडून पाहिलं तर पाणी निळं, पण बाजूने पाहताना प्रकाशाच्या वाटेवर लालसर झाक दिसते. पाणी फार गडद असेल तर थोडं पातळ करा, मग ती नीट उठून दिसते.

ही लाल झाक म्हणजे अडकलेली ऊर्जा. फायकोसायनिनने प्रकाश घेतला, पण पुढे द्यायला गाभाही नाही आणि क्लोरोफिलही नाही. मुदत संपते आणि ऊर्जा लाल प्रकाश होऊन बाहेर पडते. जिवंत पेशीत हेच द्रव्य जवळजवळ चमकत नाही, कारण तिथे ऊर्जा वेळेवर पुढे गेलेली असते. आता त्याच पाण्यातला थोडा भाग उकळा. निळा रंग फिका पडतो, लाल झाकही जाते: प्रथिनाची पकड सुटली, बिलिन पुन्हा वळवळायला मोकळे.

प्रयोगशाळेत फायकोबिलिसोम शाबूत आहे की फुटलाय हे असंच ओळखतात. तो पेशीतून अखंड बाहेर काढायचा तर फॉस्फेटचं दाट द्रावण लागतं. द्रावण पातळ केलं की तो सुटा होतो. शाबूत संचावर हिरवा प्रकाश टाकला तर त्यातून ६७०-६८० नॅनोमीटरचा गडद लाल प्रकाश निघतो, म्हणजे ऊर्जा शेवटच्या पायरीपर्यंत उतरलीय. फुटलेल्या संचातून ५७५ च्या आसपासचा नारिंगी-पिवळा निघतो, म्हणजे ती पहिल्याच पायरीवर खोळंबली.

ऊर्जा मुक्कामी पोचल्यावर काय होतं, यात एक जुनं कोडं होतं. १९५० साली फ्रान्सिस हॅक्सो आणि लॉरेन्स ब्लिंक्स यांनी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या शैवालांवर निरनिराळ्या रंगांचा प्रकाश टाकून किती ऑक्सिजन सुटतो ते मोजलं. हिरव्या शैवालांत अपेक्षेप्रमाणेच निकाल आले. लाल शैवालांत मात्र फायकोएरिथ्रिनने घेतलेला हिरवा प्रकाश उत्तम चालला, आणि थेट क्लोरोफिलने घेतलेला प्रकाश फारच कमी कामी आला. मुख्य कारागीर म्हणवणारं क्लोरोफिलच निकामी ठरल्यासारखं झालं! उलगडा व्हायला आणखी काही वर्षं लागली. प्रकाशसंश्लेषणात दोन यंत्रणा एकामागोमाग एक चालतात. दुसऱ्या क्रमांकाची पाण्यातून इलेक्ट्रॉन काढते आणि पहिल्या क्रमांकाची त्यांना पुन्हा वर ढकलते. (हा उलटा क्रम शोध लागण्याच्या क्रमाने पडलाय, त्याबद्दल विद्यार्थ्यांनी कुणाला दोष द्यावा कळत नाही.) लाल शैवालात आणि सायनोबॅक्टेरियात बहुतेक क्लोरोफिल पहिल्या यंत्रणेकडे असतं, आणि फायकोबिलिसोम मुख्यतः दुसरीला ऊर्जा पुरवतो. नुसता लाल किंवा निळा प्रकाश दिला तर पहिली यंत्रणा भरपेट आणि दुसरी उपाशी, मग ऑक्सिजन सुटणार कुठून? दोघींनाही मिळेल असा प्रकाश एकदम दिला तर काम बेरजेपेक्षा जास्त होतं, हे रॉबर्ट एमर्सनने १९५७ मध्ये दाखवलं. दोघींतलं वाटप कमीजास्त करण्याची सोयही पेशीत असते.

प्रकाश जास्त झाला तर हीच साखळी अंगाशी येते. वापरता येईल त्यापेक्षा जास्त ऊर्जा पोचली की ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात आणि यंत्रणा जळते. बऱ्याच सायनोबॅक्टेरियांत यावर एक नारिंगी प्रथिन नेमलेलं असतं. त्यात कॅरोटिनॉइडचा, म्हणजे गाजराला रंग देणाऱ्या जातीच्या रंगद्रव्याचा, एक रेणू असतो. तीव्र निळा-हिरवा प्रकाश पडला की हे प्रथिन स्वतः नारिंगीचं लाल होतं, फायकोबिलिसोमच्या गाभ्याला जाऊन चिकटतं आणि येणारी ऊर्जा तिथल्या तिथे उष्णता करून टाकतं. लाल शैवालांत हे प्रथिन सापडत नाही, त्यांचे उपाय वेगळे.

प्रकाशाचा रंग बदलला तर काही सायनोबॅक्टेरिया दांड्याच बदलतात. हिरव्या प्रकाशात वाढवले तर फायकोएरिथ्रिन बनवून तांबूस होतात, लाल प्रकाशात ते थांबवून फायकोसायनिन वाढवतात आणि निळे-हिरवे दिसतात.

या सगळ्याला खर्च येतो तो नायट्रोजनचा. हा प्रथिनांचा डोलारा. काही पेशींत विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी निम्म्यापर्यंत वाटा एकट्या फायकोबिलिसोमचा असतो. नायट्रोजन संपला की पेशी आधी हाच मोडून खाते, आणि निळी-हिरवी वाढ पिवळट पडते. लाल शैवालाची शेती करणारे फिका रंग पाहून भूक ओळखतात ती याच तर्काने.

आपल्या किनाऱ्यावर सायनोबॅक्टेरिया पाहायचे तर दूर जायला नको. पावसात चिऱ्याच्या कुंपणावर उतरणारे काळे ओघळ बरेचसे त्यांचेच. काळेपणा उन्हापासून वाचवणाऱ्या वेगळ्या रंगद्रव्याचा, आत प्रकाश पकडणारी मंडळी हीच. आगरवाड्याच्या किंवा रायबंदरच्या मिठागरांच्या तळाशी हिरवट-काळी साय धरते, तिच्यातही ते असतात. मिठागराचं दाट पाणी उन्हाळ्यात गुलाबी होतं त्याचं श्रेय मात्र यांना देऊ नका. ते मीठप्रेमी सूक्ष्मजीवांच्या कॅरोटिनॉइडचं काम. रात्री लाटा निळ्या चमकतात तेही वेगळं प्रकरण: तो नॉक्टिल्यूकासारख्या जीवांनी स्वतः तयार केलेला प्रकाश, पकडलेला नव्हे.

समुद्रातल्या सायनोबॅक्टेरियांतला मोठा खेळाडू ट्रायकोडेस्मियम. फेब्रुवारी ते मे या काळात, वारा पडलेला आणि पाणी तापलेलं असताना, गोव्याच्या समुद्रात त्याचे पिवळट-तपकिरी पट्टे तरंगताना दिसतात. जुने दर्यावर्दी याला समुद्राचा भुसा म्हणत. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गोव्यासमोरच्या या बहरांचा अभ्यास केला आहे. हवेतला नायट्रोजन तो स्वतःच पचवतो, त्यामुळे प्रथिनांची ददात नाही, आणि फायकोएरिथ्रिन तर त्याच्याकडे भरपूर. बहर ओसरताना पेशी फुटतात, हे द्रव्य पाण्यात उतरतं आणि पाण्याला गुलाबी छटा येते. पोर्फायरा खडकावर जे बाळगतं त्याचाच हा सख्खा प्रकार, फक्त साखळीतून सुटलेला.

अशा सुटलेल्या फायकोएरिथ्रिनचा माणसाने चांगलाच उपयोग करून घेतलाय. व्हेर्नन ओई, अलेक्झांडर ग्लेझर आणि लुबर्ट स्ट्रायर यांनी १९८२ मध्ये दाखवलं की ते प्रतिपिंडाला जोडलं तर पेशी मोजण्यासाठी झगझगीत खूण मिळते. एका रेणूत तीसहून अधिक रंगकण, आणि पुढे ऊर्जा घ्यायला कुणी नाही, त्यामुळे सगळी चमक बाहेर. एचआयव्हीच्या रुग्णांच्या सीडी-४ या रोगप्रतिकारक पेशींची मोजणी होते त्या फ्लो सायटोमीटर यंत्रात हे शैवालातलं द्रव्य सर्रास वापरतात. पुढे एकाच लेझरवर जास्त रंग मिळावेत म्हणून फायकोएरिथ्रिनला दुसरा एक कृत्रिम रंग जोडायला सुरुवात झाली: फायकोएरिथ्रिन प्रकाश घेतं, शेजाऱ्याला देतं, आणि शेजारी आणखी लाल प्रकाश सोडतो. तीच उतरण, दोनच पायऱ्यांची. या जोडरंगांच्या कुप्या अंधारात आणि फ्रीजमध्ये ठेवाव्या लागतात, पण गोठवायच्या नाहीत. उजेडात राहिल्या तर दुसरा रंग आधी खराब होतो, ऊर्जा पुन्हा फायकोएरिथ्रिनपाशीच थांबते, आणि यंत्र एका जातीची पेशी दुसरीच्या खात्यावर टाकू लागतं.